“छान आहे” म्हणणारीने विकत घेतलं का?

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, निवडणं-टिपणं चालू असेल तर तेही चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. गेल्या गुरुवारी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो. आज त्या वहीच्याही आधीची गोष्ट आहे. गटाने बनवायचं काय? आणि आपण जे बनवणार आहोत ते कुणाला हवं आहे का?

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. दुसऱ्याची फजिती सांगायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून आधी आपली.

चार वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या अकरा बायकांनी सुगंधी मेणबत्त्यांचं प्रशिक्षण घेतलं. तीन दिवस, चहा-नाश्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. नावांची यादी आम्ही सहयोगिनींनीच केली होती, त्यामुळे दोष कुणावर ढकलता येत नाही. गटाने चाळीस हजारांचं कर्ज उचललं. साचे आले, मेण आलं, वाती, रंग, गुलाबाचा आणि मोगऱ्याचा वास आला, पुठ्ठ्याचे डबे छापून आले. दिवाळीआधी दीड महिना आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

मग प्रदर्शन. पाच दिवस आम्ही टेबलामागे बसलो. येणारा प्रत्येक माणूस मेणबत्ती उचलायचा, वास घ्यायचा, “अरे वा, तुम्ही बायकांनी बनवलं? छान आहे हो!” म्हणायचा आणि परत जागेवर ठेवायचा. संध्याकाळी आमच्या बायका खुशीत. केवढं कौतुक झालं! पाचव्या दिवशी वही मांडली तेव्हा अडतीस डबे गेलेले दिसले. त्यातले एकवीस शेजारच्या टेबलवाल्या बायकांनी घेतलेले. आणि आम्ही त्यांचे पापड घेतलेले. म्हणजे पैसे फिरून तिथेच.

बाकीचे डबे घरी आले. आमच्या गावात वीज गेली की लागते ती किराणा दुकानातली पांढरी, बारीक मेणबत्ती. मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती लावून दळण कोण निवडतं? हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही विचारलंच नाही, अगदी स्वतःलासुद्धा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्या मेणबत्त्या कमरेत वाकल्या, जणू आम्हालाच नमस्कार करत होत्या.

हसू येतं ना? आम्हालाही आता येतं. पण त्याच जूनमध्ये गटातल्या एका ताईच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश होता. तिने गटाकडे पाच हजार मागितले. बचत तिचीच, हक्क तिचा. पण गटाचे पैसे मेणात अडकलेले आणि बँकेचा हप्ता डोक्यावर. आम्ही तिला नाही म्हणालो. तिने बाहेरून व्याजाने पैसे काढले आणि पुढच्या महिन्यात गट सोडला. म्हणून हा विषय आम्हाला नुसता धंद्याचा वाटत नाही.

चूक कुठे झाली? माल वाईट नव्हता. मेहनत कमी नव्हती. आम्ही उलट्या टोकाकडून निघालो होतो. शिकायला मिळालं म्हणून बनवलं, बनवलं म्हणून विकायला निघालो, आणि घेणारं माणूस सगळ्यात शेवटी शोधलं.

आता जरा दुसऱ्या बाजूने बघू या. आपण बनवणाऱ्या नाही, वापरणाऱ्या आहोत असं समजा. धूर कमी करणाऱ्या सुधारित चुली आठवतात का? 1980च्या दशकापासून त्या गावोगाव येऊ लागल्या. हेतू चांगला होता. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती कशी जाते हे आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्या आजोळीही तशी एक चूल होती, वर पाइप बसवलेली. धूर बाहेर जायचा हे खरं. पण तिचं तोंड लहान. तुराट्या, पऱ्हाट्या घालायच्या तर आधी बारीक तुकडे करत बसा. आणि आजीची भाकरी! ती तव्यावर अर्धी होते, मग चुलीच्या तोंडाशी जाळाला लावून फुगवायची असते. त्या चुलीत भाकरी उभी करायला जागाच नव्हती. पाइपात काजळी भरली की साफ कोण करणार? वर्षभरात आजीने शेजारी मातीची जुनी चूल परत घातली, आणि नव्या चुलीवर मिठाचा आणि तिखटाचा डबा ठेवायला लागली. आजी अडाणी होती म्हणून नाही. चूल बनवणाऱ्याने धूर पाहिला, भाकरी पाहिली नाही. तासभर आजीच्या शेजारी बसला असता तर त्याला दिसलं असतं.

आम्ही “बसून पाहा” म्हणतो, “विचारा” म्हणत नाही. त्याला कारण आहे. विचारल्यावर माणूस खरं सांगतोच असं नाही, आणि बाई तर नाहीच. समोरच्याचं मन कसं मोडायचं?

तामिळनाडूतल्या कोइंबतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांचं नाव तुमच्यातल्या अनेकींनी ऐकलं असेल. गटांना चालवता येईल असं सॅनिटरी पॅडचं स्वस्त यंत्र त्यांनी तयार केलं, 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आधीची वर्षं कशी होती ते ऐका. पत्नी कपडा वापरते हे पाहून 1998च्या सुमारास त्यांनी कापसाचं पॅड बनवून तिला दिलं. ते जमलं नाही. बहिणींना दिलं. त्याही पुन्हा कपड्याकडे वळल्या. मग त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या वीस मुलींना पॅड दिले आणि सोबत अभिप्रायाचे कागद. कागद गोळा करायला गेले तर काय दिसलं? तीन मुली बसून सगळ्यांचे कागद भरत होत्या! शिकलेल्या, डॉक्टर होणाऱ्या मुली. त्यांनाही या विषयावर खरं लिहायचा संकोच. मग मुरुगनंतम यांनी फुटबॉलचा ब्लॅडर अंगाला बांधला, त्यात बकऱ्याचं रक्त भरलं आणि स्वतः पॅड लावून फिरले, सायकल चालवली. गावाने वेड्यात काढलं. पुढे त्यांना उमगलं की बाजारातल्या पॅडमध्ये साधा कापूस नसतो, लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात, ते ओल धरून ठेवतात. हे शोधायलाच त्यांना दोन वर्षांवर काळ लागला.

आम्ही ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे भरलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, वापरलेल्या वस्तूवर ठेवायचा.” आमचं बी.ए. झालं, पण इतकं थोडक्यात आम्हाला सांगता आलं नसतं.

आता आमच्या कडक भाकरीकडे येतो. सोलापूरकडच्या सख्यांना ती सांगायला नको; इतरांसाठी सांगतो. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी मंद जाळावर पापडासारखी कडक होईपर्यंत भाजायची. पाण्याचा अंश राहिला नाही तर कोरड्या डब्यात पंधरा-वीस दिवस सहज राहते. सोबत उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे हे पदार्थ कुणी “उत्पादन” समजतच नव्हतं. ते घरातलं. गटातल्या एका वहिनीची मुलगी पुण्यात शिकते, ती प्रत्येक वेळी जाताना डबा भरून न्यायची आणि दोन दिवसांत तो संपला म्हणून फोन करायची. खोलीतल्या मुली फस्त करायच्या.

मेणबत्तीने पोळलेल्या आम्ही. लगेच कर्ज काढलं नाही. घरच्या ज्वारीच्या दहा-दहा भाकऱ्यांची वीस पाकिटं केली, पाव-पाव किलो चटणी बांधली आणि आम्ही दोघीजणी एसटीने पुण्याला गेलो. त्या मुलीच्या खोलीवर शनिवार-रविवार राहिलो. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींची इमारत होती. विकायला कमी, बघायला जास्त गेलो होतो.

रस्त्यातच निम्म्या भाकऱ्यांचा चुरा झाला. आपल्या परातीएवढी मोठी भाकरी. एसटीच्या रॅकवर तिचं काय होणार? हा पहिला धडा इमारतीत शिरायच्या आधीच मिळाला.

मुलींना पाकीट हाताने उघडेना. कात्री कुणाकडेच नाही, दाताने फाडलं, चटणी गादीवर. चटणीचं तेल पिशवीतून बाहेर येऊन एकीच्या वहीला लागलं. तिखटाबद्दल विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, “मस्त आहे काकू!” पण एक मुलगी एका घासाला दोन चमचे दही घेत होती, आणि दुसरीने चटणी हळूच कडेला सारून ठेवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. (गावी येऊन हे सांगितलं तेव्हा मावशी चिडल्या: “तिखट नाही ती चटणी कसली? शेंगदाण्याचा कूट म्हणा की!” त्यांची समजूत काढायला दोन बैठका गेल्या. आता “कमी तिखट” असं लिहिलेलं वेगळं पाकीट असतं आणि ते जास्त जातं. मावशी अजून त्याला चटणी म्हणत नाहीत.)

पण खरं कळलं ते रविवारी संध्याकाळी. मुली जेवायला मेसमध्ये जायच्या. पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. खोलीत गॅस ठेवायला परवानगी नाही. बाहेर खायचं तर महिनाअखेरीला पैसे नाहीत. त्या संध्याकाळी सहा-सात मुली एका खोलीत जमल्या, कुणीतरी डेअरीतून दही आणलं, आमच्या भाकरीचे तुकडे दह्यात मोडले, वर चटणी, आणि जेवण झालं. आम्ही कोपऱ्यात बसून पाहत होतो. आम्हाला वाटलं होतं, मुलींना गावची चव हवी आहे. काही मुलींना ती हवीही असेल. पण निम्म्या मुली विदर्भातल्या, खानदेशातल्या, त्यांना आमच्या चवीची कसली आठवण? त्यांना हवं होतं रविवारच्या संध्याकाळचं जेवण, न शिजवता, थोड्या पैशात.

हे कळलं आणि सगळं बदललं. दहा भाकऱ्यांचं पाकीट चुकीचं होतं. एकदा उघडलं की भाकऱ्या हवेने नरम पडायच्या, पाव किलो चटणी महिनाभर पडून खवट व्हायची. आता भाकरी छोटी, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी. चार भाकऱ्या आणि पन्नास ग्रॅम चटणीची वेगळी पुडी, एका माणसाचं एक जेवण. पाकिटाच्या कडेला खाच पाडलेली, हाताने फाटेल अशी. आणि माल शुक्रवारी एसटीच्या पार्सलने निघतो, शनिवारी पोहोचतो. बुधवारी पोहोचलेल्या पाकिटाचा तिला काय उपयोग? बुधवारी मेस चालू असते.

मग आम्ही वहीत एक नवा रकाना आखला: “पुन्हा घेतलं.” पहिल्या खेपेची विक्री आम्ही हिशेबात धरतो, पण मनावर घेत नाही. पहिल्यांदा माणूस उत्सुकतेने घेतो, ओळखीने घेतो, बचत गटाच्या बाया आल्यात म्हणून भिडेने घेतो. नणंदेने घेतलेलं पाकीट म्हणजे विक्री नव्हे, तो आहेर. दुसऱ्यांदा स्वतःच्या पैशाने, आपण समोर नसताना घेतलं, तर त्या वस्तूत काहीतरी आहे. पहिल्या वीसजणींपैकी अकराजणींनी तिसऱ्या शनिवारी पुन्हा घेतलं होतं. उरलेल्या नऊजणींपैकी पाच जणींशी फोनवर बोललो, का घेतलं नाही म्हणून. एकीचे दात दुखत होते. एकीची मेस रविवारीही चालू असते. ही आपली गिऱ्हाईकं नाहीत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मुली मागण्याही खूप करायच्या. “काकू, पुरणपोळी आणा ना, थालीपीठ आणा, लाडू आणा.” बायकांना हुरूप आला, मोठी कढई घ्यायची बोलणी सुरू झाली. आम्ही म्हटलं, थांबा. पुरणपोळीसाठी आगाऊ तीस रुपये देणार का, असं विचारून बघू. चौदाजणींनी हवी म्हटलं होतं. पैसे दोघींनी दिले. त्या दोघींचे पैसे परत केले आणि कढई दुकानातच राहिली.

आता दराबद्दल, कारण इथे आपण बायका सगळ्यात जास्त फसतो. पाकिटाचा खर्च आम्ही असा मांडला: ज्वारी आणि दळण अकरा रुपये, चटणीचं सामान दहा, जळण चार, पाकीट आणि चिकटपट्टी सात, पार्सल तीन. झाले पस्तीस. पंचेचाळीसला विकलं, दहा रुपये सुटले, सगळ्या खूश. पण एका बाईचा पूर्ण दिवस गेला, भाकऱ्या थापणं, भाजणं, चटणी कुटणं, पाकिटं भरणं, की पंधरा पाकिटं होतात. म्हणजे दिवसाचे दीडशे. आमच्याकडे खुरपणीचा रोज तीनशे आहे. आपलीच मेहनत आपण फुकट धरली होती, आणि वर नफा झाला म्हणत होतो. पुढच्या शनिवारी किंमत साठ केली. छातीत धडधड होत होती. तीस पाकिटं पाठवली, चार परत आली. आधी दोन यायची. पाकिटामागे पंचवीस सुटले तर दिवसाचे पावणेचारशे होतात. मुलींना ती वस्तू खरंच हवी होती का, याचं उत्तर आम्हाला त्या साठ रुपयांनी दिलं. साठलाही कुणी घेतलं नसतं, तर खुरपणीला जाणं बरं, असं आम्ही बायकांना स्पष्ट सांगितलं असतं.

दर ठरवताना गटात एक सूचना आली होती. ज्या भाकऱ्या जरा करपतात, जाड होतात, त्यांचं वेगळं स्वस्त पाकीट करू, वाया कशाला घालवायच्या? सूचना चुकीची वाटत नाही ना? लिज्जत पापडाच्या सुरुवातीला असंच घडलं होतं. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, कमी किमतीचा. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रतीचा पापड करा आणि प्रतीत तडजोड करू नका. आम्ही ही गोष्ट बैठकीत सांगितली. करपलेल्या भाकऱ्या आता आमच्याच घरी आमटीत चुरून खाल्ल्या जातात.

लिज्जतच्या त्या पहिल्या वर्षात आणखी एक अडचण आली होती, आणि तीच आमच्या दारात उभी आहे. पाऊस. पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. भर पावसात पापड वाळले.

आमची भाकरी उन्हात वाळवायची नसते, पण पावसाळी हवेने ती नरम पडते, आणि गेल्या जुलैत मुलींचे फोन आले: “काकू, या वेळी कडक नाही.” त्या फोन करतात हे आमचं नशीब, नाहीतर माणसं न सांगताच घेणं बंद करतात. आता एकीने जुनी लोखंडी खाट दिली आहे, दुसरीने शेगडी. गेल्या आठवड्यात पन्नास भाकऱ्या खाटेवर ठेवून, गरम असतानाच पाकिटात बंद करून पाहिल्या. आत वाफ धरली, अठरा नरम पडल्या. या आठवड्यात पुन्हा पन्नास केल्या, पूर्ण निवू देऊन बंद केल्या. त्यांतल्या पाच नरम आहेत. अजून पुण्याला एकही पाठवलेली नाही. पाचाची एक झाली की पाठवू.

पुढच्या गुरुवारी पाकिटावरच्या लेबलवर काय काय लिहावं लागतं आणि अन्न परवान्याची नोंदणी कशी करायची ते सांगू. वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.